एमएडीटी वाचताना कर्नल लटकतोय, टेबलच खराब असेल तर काय करायचं?

बूटवाला_बंड्या
मंडळी, हौस म्हणून एक्स८६ वर छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लिहितोय. प्रोसेसरचे कोअर किती ते एसीपीआयच्या (फर्मवेअर म्हणजे बायोस मशीनची माहिती ज्या टेबलांतून देतं ती पद्धत) एमएडीटी टेबलातून काढतो, त्यात कोअर आणि इंटरप्ट कंट्रोलरच्या नोंदी असतात. क्यूईएमयू एम्युलेटरमध्ये एकदम मक्खन चालतं, पण घरच्या जुन्या लॅपटॉपवर बूट मध्येच अडकतं, एरर नाही काही नाही, पंखा मात्र जोरात. स्क्रीनवर छापून बघितलं तर एका नोंदीची लेंग्थ शून्य येतेय. लूप साधाच आहे, पहिला बाइट टाइप, दुसरा लेंग्थ, काम झालं की पॉइंटर तेवढा पुढे. गंमत म्हणजे चेकसम बरोबर येतोय! मग टेबल खराब कसं? आणि अशा वेळी पॅनिक करायचं का, म्हणजे कर्नल तिथेच बंद पाडायचं का?

शून्य_पॉइंटर
लेंग्थ शून्य म्हणजे पॉइंटर जागचा हलतच नाही, फिरतोय तिथल्या तिथे, पंखा त्यामुळेच. चेकसमवर जाऊ नकोस, सगळ्या बाइटांची बेरीज करून खालचे ८ बिट शून्य येतात का एवढंच तो सांगतो. बायोसवाल्याने चुकीची नोंद लिहून मग चेकसम काढला की तो बरोबरच येणार ना राव.

लूपमध्ये आधी बघ निदान २ बाइट उरलेत का, मगच लेंग्थ वाच. ती २ पेक्षा कमी किंवा उरलेल्या जागेपेक्षा जास्त असेल तर तिथेच थांब, कारण पुढची नोंद कुठे सुरू होते हेच आता कळणार नाही. पण टाइप ओळखीचा आहे आणि लेंग्थ त्याला पुरत नाही (लोकल एपिक, म्हणजे कोअरचा इंटरप्ट कंट्रोलर, त्याच्या नोंदीला ८ बाइट लागतात; आयओ एपिक, म्हणजे उपकरणांचे इंटरप्ट कोअरकडे पाठवणारा, त्याच्या नोंदीला १२) तर फक्त तेवढी नोंद सोडून पुढे जा.

जुना_खोडरबर
वरच्यात भर. हेडरमधली ३२ बिटांची लेंग्थ पण फर्मवेअरनेच लिहिलेली असते हो. आधी ३६ बाइटांचं हेडर मॅप कर, लेंग्थ ४४ च्या खाली असेल तर एमएडीटी नाहीच ते, वरची पण काहीतरी मर्यादा ठेव, मग अख्खं टेबल मॅप कर. आणि पॉइंटर अधिक लेंग्थ अशी तुलना नको, बेरीज ओव्हरफ्लो झाली की चेक बिनधास्त पास होतो, शेवट वजा पॉइंटर काढून त्याच्याशी ताड. एफएडीटी या एसीपीआयच्या दुसऱ्या टेबलाला तर रिव्हिजनवर विसंबूच नको, त्यात डीएसडीटी या आणखी एका टेबलाचा ६४ बिटांचा पत्ता ऑफसेट १४० ला असतो, तेव्हा लेंग्थ १४८ तरी आहे का ते बघूनच हात लाव.

बूटवाला_बंड्या
भारी, लूप सुटला 🙏 पण पॅनिकचं काय?

शून्य_पॉइंटर
अजिबात नको. बूट कोअर चालूच आहे, तोवर मिळालेले कोअर घे, लॉग टाक, पुढे जा. लिनक्सचा डीएमआय (फर्मवेअरच देतं ते मशीनच्या माहितीचं वेगळं टेबल) पार्सर बघ, ४ बाइटांपेक्षा छोटी नोंद दिसली की ‘फर्मवेअर बग’ अशी वॉर्निंग छापून थांबतो, मशीन मात्र बूट होतं.

जुना_खोडरबर
मला हे सरसकट पटत नाही. कोअर कमी मिळाले तर चालेल, पण आयओ एपिकच्या नोंदी अर्धवट आल्या तर इंटरप्ट भलतीकडेच जातील आणि मग डिस्क का लटकते ते शोधत बसशील. तिथे एपिक मोडच सोडून जुन्या ‘पिक’ इंटरप्ट कंट्रोलरवर ये, तोही नसेल तर मग खुशाल थांबव, पण कारण स्क्रीनवर छापून.

बाकी पार्सर वेगळं फंक्शन कर, फक्त पॉइंटर आणि लेंग्थ घेणारं, म्हणजे यूजरस्पेसमध्ये, साध्या प्रोग्रामसारखं, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या हद्दीबाहेरचं वाचन पकडणारं टूल) लावून चालवता येईल. त्याच लॅपटॉपवर लाइव्ह लिनक्स लावून सिसएफएसमधलं (कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतं ती जागा) टेबल रूटने कॉपी कर, फाइलचं नाव ‘एपिक’ असतं बरं का, एमएडीटी शोधशील तर सापडणार नाही. मग एकेक बाइट बिघडवून फंक्शनला दे.