व्हॅनचा टप गळतो? कुठून, कसा आणि काय लावलं: अनुभव धागा

नवतपा सुरू झालाय, मृग पंधरा दिवसांवर आहे. टपाची कामं आत्ताच उरकायला हवीत. उघडत्या टपाची पॉप-टॉप असो, कॅरियर ठोकलेली व्हॅन असो की टपावर एसी असलेली मिनीबस, आपापला अनुभव इथे टाका. फक्त ‘सीलंट मारलं, थांबलं’ एवढ्यावर भागवू नका. पाणी आत कुठे दिसलं, बाहेर कुठून शिरलं आणि काय किती लागलं, ते लिहा.

अमरावती, पॉप-टॉप

टपकतं तिथे भोक नसतं, हे आधी मनात पक्कं करा. पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांवरून पाणी चार-चार फूट सरकतं आणि अस्तराला जिथे स्क्रू असेल तिथून थेंब पडतो. म्हणून पहिलं काम अस्तर काढणं.

मग बागेची नळी घ्या, तोंडाला फवारा नको, नुसती सैल धार. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर अजिबात नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो. सुरुवात खालून करायची: आधी काचेचं रबर, मग पन्हळ, मग टपाच्या कडेचं रबर, शेवटी वरचे बोल्ट. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्या जोडांवरून ओघळतं आणि चोर कोण ते कळतच नाही. एका वेळी दीड फूट, दहा मिनिटं. आत दुसरा माणूस टॉर्च घेऊन. आतल्या जोडांवर खडूची पूड भुरभुरा, ओलीची रेघ लगेच उमटते. समतल जागेवर झालं की पुढची चाकं विटांवर चढवून पुन्हा एकदा. मुक्कामाला गाडी नेहमी सपाट जागेवर उभी राहत नाही.

पाण्याने सापडलं नाही तर हवेने शोधा. टप बंद, काचा बंद, मागच्या बाजूच्या हवा बाहेर सोडणाऱ्या जाळ्यांवर मास्किंग टेप. ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवून फुल करा आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी फवारा. फट असेल तिथे बुडबुडे येतात.

वर्धा, फायबरचा टप

कडेच्या पोकळ रबराची तपासणी वर्तमानपत्राने होते. दोन बोटं रुंद पट्टी रबरावर ठेवा, टप बंद करून खटके लावा, पट्टी ओढा. दर सहा इंचांवर हेच करा. पट्टी फाटली तर पकड आहे, सुळकन निघाली तर तिथून पाणी येणार. बहुतेक वेळा रबर चांगलंच असतं, एका बाजूचा खटका ढिला झालेला असतो. तो एक-दोन आटे आवळून पुन्हा पट्टी लावा.

रबर चपटं होऊन बसलं असेल तर बदलावंच लागतं. ईपीडीएमचं घ्या, म्हणजे ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर. जुना गोंद खरवडून स्पिरिटने पुसा. नवं रबर ताणून बसवू नका, ते नंतर आकसतं आणि तोंडाशी फट पडते. उलट अर्धा इंच जास्त कापून दाबून बसवा. जोड नेहमी मागच्या बाजूला मधोमध घ्या. पुढे घेतला तर धावत्या गाडीत वारा पाणी सरळ आत ढकलतो. ग्रीस लावू नका, या रबराला ते फुगवतं. सिलिकॉन स्प्रे चालतो. आणि कृपा करून या रबरावर सीलंट थापू नका, टप उघडायचाय ना पुन्हा!

यवतमाळ, तंबू-ताडपत्रीचं शिवणकाम

पॉप-टॉपच्या कापडाबद्दल, म्हणजे टप वर उचलला की भोवती उभं राहतं त्या. निम्म्या तक्रारींत कापड फाटलेलं नसतंच. टप खाली घेताना कापडाची घडी रबराखाली चिमटते, बाहेर नखाएवढं टोक राहतं आणि दिव्याच्या वातीसारखं रात्रभर पाणी आत ओढतं. आतून पाहिलं की त्या ठिकाणी कापडावर अर्धगोल ओला डाग दिसतो, खाली रुंद, वर निमुळता. उपाय स्वस्त आहे. कापडाच्या मध्यावर सभोवार इलॅस्टिकची दोरी ओवायची, म्हणजे टप उतरताना कापड आपोआप आत खेचलं जातं. तरी खटके लावण्याआधी बाहेरून एक चक्कर मारायचीच.

सुती कॅनव्हास नवं असेल तर पावसाळ्याआधी दोन-तीन वेळा पूर्ण भिजवून पूर्ण वाळवा, धागे फुगून सुईची भोकं बुजतात. धुण्याची पावडर लावू नका, पाणी झटकणारा लेप निघून जातो. भोकं राहिलीच तर शिवणीवर बाहेरून मेण घासा. ओलं कापड मिटून ठेवावं लागलं तर दुसऱ्या दिवशी टप उघडून वाळवा. तीन-चार दिवस तसंच राहिलं की काळी बुरशी धरते आणि ते डाग जात नाहीत.

अकोला, डेंटिंग-पेंटिंग

भाऊ, कॅरियरच्या बोल्टावर दोन गोळ्या मळून लावायचं इपॉक्सी लावू नका. थे दगडासारखं कडक होते, पत्रा हालते, मंग बारीक चीर पडते अन् पाणी तिथूनच जाते. आंबट वासाचं सिलिकॉनबी नाही. थ्यानं उघडा पत्रा गंजते, अन् नंतर त्यावर रंग धरत नाही.

बोल्ट काढा, भोकाभोवती दोन इंच रंग 80 नंबरच्या कागदानं घासा, गंज पत्र्यापर्यंत काढा. इपॉक्सी प्रायमर मारा, एक दिवस वाळू द्या. मंग बोल्टाखाली ब्युटाइल टेपचा (मऊ चिकट रबरी पट्टी) गोल, खालून 40 मिमीचा मोठा वायसर. आवळल्यावर टेप चारी बाजूनं बाहेर आली पाह्यजे. दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी तापली की अजून अर्धा आटा. सायकलच्या ट्यूबचं रबर लावते लोकं, उन्हानं थे तडकते.

पन्हळीतला जोड उकलला असन तर जुनं सगळं खरवडून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. 300 मिलीची एक नळी 6 मिमी जाड रेघेनं दहा मीटर जाते, एका गाडीले पुरते. काम सकाळी नऊच्या आत. दुपारी पत्र्यावर पोळी भाजन असं तापते, सीलंटवर वरून साय धरते अन् आत फोड येते.

चंद्रपूर, फायबरकाम

गारपिटीनंतर फायबरच्या टपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतात. त्या वरच्या जेलकोटपुरत्याच (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) आहेत की आरपार, हे आधी बघा. आतून टॉर्च लावून बाहेरून अंधारात पाहिलं की आरपार चीर उजळते. वरवरची असेल तर घासून जेलकोट पुरतो. आरपार असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच उतरतं घासा, 300 ग्रॅमच्या काचमॅटचे (काचतंतूंचं कापड, वजन दर चौरस मीटरला) तीन थर द्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. रेझिन 100 ग्रॅमला हार्डनर 1 ग्रॅम, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त नको, डब्यातच गोठतं.

एक गोष्ट ठळक लिहितो: कोबाल्ट (रेझिन लवकर गोठावं म्हणून घालतात ते द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर.

गोंदिया, मिनीबस

टपावर एसी असेल तर सीलंटला हात लावण्याआधी एसीची निचरा नळी बघा. एसी चालू असतानाच गळत असेल तर पाऊस निर्दोष आहे. धूळ आणि कापसाचे तंतू बसून नळी तुंबते. खालच्या टोकाने सायकलच्या पंपाची हवा मारा. तार घालू नका, आतला जोड निसटतो आणि मग खरंच छत उघडावं लागतं. पन्हळीचं तेच. गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर जून-जुलैत लिंबोळ्यांचा चिखल कोपऱ्यात साचतो, पाणी पन्हळीवरून चढून काचेच्या रबरात शिरतं. आठवड्याला एकदा जुना टूथब्रश फिरवला की झालं.

नागपूर

थंडीतली गळती ही बहुतेक गळती नसतेच. दोन माणसं बंद गाडीत झोपली तर श्वासातून सकाळपर्यंत सहज अर्धा लिटर पाणी हवेत जातं आणि गार पत्र्यावर जमतं. थेंब सगळीकडे सारखे असतील आणि रात्री आभाळ कोरडं असेल तर समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवून झोपा.

आणि साध्या व्हॅनचा टप कापून पॉप-टॉप करायचा विचार असेल तर मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 (गाडीत फेरफार करण्याबद्दलचं) आधी वाचा, आरटीओला विचारा, मगच कटर लावा.

धागाकर्ता

अकोल्याच्या भाऊंना एक प्रश्न. पीयूची नळी अर्धी उरली तर पुढच्या वर्षी चालते का?

अकोला

नाही. हवेतल्या ओलीनंच थे गोठते. तोंडात लांब स्क्रू पिळून वरून टेप गुंडाळली तर काही दिवस जाते. बाकी उरलं तं घरच्या मोरीच्या पाइपाले लावून टाका.