दीर्घकाळचे इस्ट्रोजेन दाह वाढवते का?

रानजाई : रजोनिवृत्तीनंतर वर्षानुवर्षे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घेण्याचा सल्ला आता पुन्हा सर्रास दिला जातो, त्याला माझा आक्षेप आहे. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटून दाह निर्माण करते, अशा ल्युपस या आजाराच्या प्रजननक्षम वयातील दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, बालपणी मात्र ही तफावत बरीच कमी असते. इस्ट्रोजेन प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना बळ देते, त्यामुळे स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीही तगतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीत लवकर पाळी आलेल्या, तसेच रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेतलेल्या स्त्रियांमध्ये ल्युपसचा धोका अधिक आढळला होता.

तर्कतीर्थ_नव्हे : आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. क्लाइनफेल्टर असलेल्या, म्हणजे एक्सएक्सवाय गुणसूत्रांच्या पुरुषांतही ल्युपसचा धोका इतर पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि त्यांच्या शरीरात इस्ट्रोजेन प्रजननक्षम वयातील स्त्रियांइतके नसते. टीएलआर७ हे प्रतिकारशक्तीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असून एरवी निष्क्रिय होणाऱ्या दुसऱ्या एक्सवरही ते काही पेशींत जागे राहते. तो वाटा हार्मोनच्या माथी मारू नये. शिवाय गरोदरपणात इस्ट्रोजेन कमालीचे वाढलेले असताना अनेकींचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात शमतो आणि बाळंतपणानंतर उसळतो, तर रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यावर आयएल-६ आणि टीएनएफ यांसारखे दाहकारक घटक वाढून हाडे झिजतात. दाह वाढवणारे हार्मोन नाहीसे झाल्यावर दाह वाढावा, हे कसे?

रानजाई : गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि दाह शमवणारे कॉर्टिसॉल ही हार्मोनेही वाढतात, त्यामुळे ते श्रेय एकट्या इस्ट्रोजेनला देता येत नाही, शिवाय ल्युपस त्याच काळात बळावू शकतो, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सेलेना चाचणीत, रजोनिवृत्ती झालेल्या ३५१ ल्युपसग्रस्त स्त्रियांपैकी हार्मोन घेणाऱ्यांमध्ये आजाराचे सौम्य ते मध्यम उद्रेक अधिक झाले होते.

तर्कतीर्थ_नव्हे : तीव्र उद्रेकांत लक्षणीय वाढ झाली नव्हती, हेही त्याच चाचणीत आहे.

ओसरी : दोघेही औषध कोणत्या वाटेने शरीरात जाते, हे विसरता आहात. गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे सीआरपी, म्हणजे दाहाची खूण म्हणून रक्तात मोजले जाणारे प्रथिन, वाढवते. त्वचेवरच्या पट्टीने तसे सहसा होत नाही. म्हणून गोळी घेणाऱ्या बाईच्या अहवालात सीआरपी वाढलेले दिसले, तर तो सर्वांगाचा दाह समजणे घाईचे ठरेल. रानजाई, ल्युपस असलेल्या बाईबाबत तुमची सावधगिरी मला पटते, विशेषतः रक्त गोठवणारी प्रतिपिंडे असतील तर. पण तोच नियम घामाच्या लोटांनी रात्र-रात्र जागणाऱ्या निरोगी बाईला का लावावा?