छतावर दोघे, खाली शंभर माणसं

कोपरीकर: १७ मार्च २०१७, इराकमधलं मोसुल शहर. एका इमारतीच्या छतावर आयसिस या दहशतवादी संघटनेचे दोन स्नायपर, म्हणजे लपून नेम धरणारे बंदूकधारी होते. त्यांच्यावर अमेरिकेने बॉम्ब टाकला. अमेरिकेच्याच चौकशीनुसार किमान १०५ नागरिक मेले. विचार करा, आमच्या ठाण्यातल्या इमारतीत मजल्याला आठ बिऱ्हाडं, जिना एकच, त्यातही सायकली नि गॅसचे सिलिंडर. वरच्या दोघांसाठी खालच्यांचा जीव घेणं बरोबर कसं?

वाशीकर: दादा, आत आयसिसची स्फोटकं होती. त्या स्फोटकांमुळेच इमारत कोसळली असं चौकशी म्हणते.

कोपरीकर: मान्य. पण आत कोण आहे हे माहीत नसताना बॉम्ब का? युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा कराराचा १९७७चा पहिला प्रोटोकॉल (जोड-करार), कलम ५१: शत्रूने नियम मोडले तरी आपली जबाबदारी सुटत नाही.

ऐरोलीची ताई: तो अमेरिकेने मंजूरच केलेला नाही. भारतानेही नाही. आपण तरी करायला हवा!