गच्चीवरचे पापड आणि शारजा
उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आठवणी सांगताना कुणीतरी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांची राखण करायचं लिहिलंय, ते वाचून थेट डोंबिवलीतली आमची तीन मजली बिल्डिंगच आठवली. राखण कसली, पापडाच्या ओल्या लाट्या तेलात बुडवून खायला मिळायच्या म्हणून आम्ही सगळी पोरं तिथं, आणि काकूंनाही ते माहीत असायचं, त्या मुद्दाम चार लाट्या जास्तीच्या करायच्या.

परीक्षा संपली की सकाळी क्रिकेट, दुपारी जिन्यात पत्ते नाहीतर व्यापार, ऊन उतरलं की लगोरी आणि डबा ऐसपैस, मधेच पन्नास पैशांचा पेप्सीकोला, तोही दातांनी टोक फाडून. घरी कोण कुठे आहे हे कुणी विचारायचं नाही, कुठल्याही घरात जेवलं तरी चालायचं.

पण सगळ्यात लख्ख आठवते ती १९९८ ची सुट्टी. २२ एप्रिलला शारजात वाळूचं वादळ आलं, भारत-ऑस्ट्रेलिया मॅच थांबली, आणि मग सचिनने १४३ मारले. मॅच हरलो पण फायनलला पोचलो, आणि २४ ला त्याच्याच पंचविसाव्या वाढदिवसाला परत १३४! तळमजल्यावरच्या आजोबांकडे मोठा टीव्ही, तिथं वीस-पंचवीस जण दाटीवाटीने, जागा नाही म्हणून आम्ही खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे. जिंकल्यावर मध्यरात्री सगळे रस्त्यावर, आणि आजींनी त्या वेळी सगळ्यांना माठातलं वाळ्याचं पाणी दिलं होतं. तो वास अजून आठवतो मला.

ती बिल्डिंग आता रीडेव्हलपमेंटला गेलीय. गच्चीला कुलूप असायचं नाही हो तेव्हा.