मागच्या राउटरवरचा रेकॉर्डर पुढच्या घरातून उघडत नाही, स्टॅटिक रूट घातला तरी

कुळागर (फोंडा)
घर जुनं, चिऱ्यांचं. पडवीत फायबरचा राउटर आहे, पत्ता १९२.१६८.१.१. मागच्या भाड्याच्या खोल्यांत वायफाय पोचत नाही, म्हणून लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावलाय. केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून येणारं इंटरनेट जोडतात त्या पोर्टात) आहे. त्याला पुढून १९२.१६८.१.२३ मिळालाय, आत तो १९२.१६८.२ चे पत्ते वाटतो. मागून पुढचा प्रिंटर चालतो, पण पुढच्या कॉम्प्युटरवरून मागचा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, १९२.१६८.२.५०, उघडत नाही. पुढच्या राउटरवर स्टॅटिक रूट, म्हणजे १९२.१६८.२ कडे जायची वाट हातानं सांगणारी नोंद, घातलाय. काय राहिलं?

मांडवीकाठ (पणजी)
कुळागरबाब, आधी तो .२३ पक्का करा. डीएचसीपीनं (राउटर आपोआप पत्ते वाटतो त्या सोयीनं) मिळालेला पत्ता उद्या बदलला की रूट भलत्याच यंत्राकडे जाईल. मागच्या राउटरच्या वॅनला हातानं १९२.१६८.१.२ द्या, मास्क (पत्त्याचा किती भाग जाळ्याचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे (दुसऱ्या जाळ्याकडे जायचं दार) १९२.१६८.१.१. पुढच्या राउटरची डीएचसीपी रेंज १०० पासून सुरू करा, म्हणजे .२ दुसऱ्या कुणाला जाणार नाही.

आता पुढचा रूट तपासा: डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२, इंटरफेस लॅन. इथं वॅन निवडलं तर पाकिटं (डेटाचे तुकडे) फायबरकडे निघून जातात. गेटवे म्हणून १९२.१६८.२.१ लिहू नका. गेटवे पुढच्या राउटरच्या स्वतःच्याच जाळ्यातला हवा.

एवढं करूनही मागच्या राउटरची फायरवॉल वॅनकडून आलेलं सगळं टाकून देते. तिथं नियम घाला: सोर्स १९२.१६८.१.०/२४ (म्हणजे १९२.१६८.१ चे सगळे पत्ते), डेस्टिनेशन १९२.१६८.२.५०, परवानगी. मागच्या राउटरचं नॅट (आतल्या पत्त्यांऐवजी स्वतःचा पत्ता लावून पाकिटं पुढं पाठवणं) बंद करायची घाई नको. ते बंद केलं की खोल्यांतली पाकिटं १९२.१६८.२ च्या पत्त्यानंच पुढच्या राउटरकडे येतात, आणि काही राउटर फक्त आपल्याच लॅनचं नॅट करतात. मग खोल्यांतलं इंटरनेट बंद पडतं.

कुळागर
तिन्ही केलं, नॅट चालूच ठेवलं. आता .५० ला पिंग (यंत्र उत्तर देतं का ते पाहायची चाचणी) लागतो, पण ब्राउझरमध्ये पान नुसतं फिरत राहतं.

चिरेबंदी (डिचोली)
जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी, म्हणून असं होतं. कॉम्प्युटरचं पाकीट १.१ (पुढचा राउटर) कडून १.२ (मागचा राउटर) कडे जातं. उत्तर मात्र १.२ थेट कॉम्प्युटरला देतो, कारण दोघं एकाच जाळ्यात आहेत. पुढच्या राउटरला टीसीपीचं (ब्राउझर ज्या पद्धतीनं जोडणी करतो तिचं) पहिलं पाकीट दिसतं, त्यावरचं उत्तर दिसतच नाही, आणि तिसरं पाकीट आलं की त्याची फायरवॉल ते अवैध ठरवून टाकते. पिंगला असा हिशेब लागत नाही, म्हणून तो लागतो.

उपाय सोपा आहे: रूट कॉम्प्युटरवरच घाला. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि रूट ॲड कमांडला तेच जाळं, तोच मास्क, गेटवे १९२.१६८.१.२ द्या. पी हा पर्याय जोडा, नाहीतर मशीन पुन्हा सुरू केलं की रूट पुसला जाईल. नंतर ट्रेसरूट (पाकीट कुठल्या टप्प्यांतून जातं ते दाखवणारी कमांड, विंडोजमध्ये tracert) लावून पाहा: पहिला टप्पा १.२ आणि दुसरा २.५० दिसायला हवा. मध्ये १.१ आला तर रूट बसलेला नाही.

आता मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मागून पुढचा प्रिंटर चालतो, म्हणजे खोलीतल्या कुठल्याही पाहुण्याला तुमची पुढची सगळी यंत्रं आणि १.१ चं लॉगिन पानही उघडता येतं. दोन राउटर लावले की आतल्याला बाहेरचं दिसतं, आणि तुमच्याकडे आत पाहुणे आहेत. मागच्या राउटरवर आधी चालू जोडण्यांना परवानगी द्या, त्याखाली २.०/२४ कडून १.०/२४ कडे जाणारं सगळं ड्रॉप करा. क्रम उलटा झाला तर रेकॉर्डरची उत्तरंही अडकतील. प्रिंटर मागून हवाच असेल तर तेवढ्या एका पत्त्याला ड्रॉपच्या वर सूट द्या.

रेकॉर्डर केबलनं मागच्या लॅनवर ठेवा, पाहुण्यांना त्याच राउटरचं गेस्ट वायफाय द्या आणि रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदला. गेस्टला वेगळं जाळं मिळत असेल, समजा १९२.१६८.३, तर ड्रॉपचा नियम त्याच्यासाठीही वेगळा लिहावा लागेल. गेस्टचा खटका बऱ्याचदा फक्त मागचं लॅन अडवतो, पुढचं घर नाही.