शेवट सगळ्यांना माहीत असलेल्या भयपटाची मालिका कशी करतात?

वनलाइनवाला:
नमस्कार मंडळी. मी मालिकांचा कथाविस्तार लिहितो. एका जुन्या भयपटावरून आठ भागांची वेबमालिका होईल का, हे बघायचं काम हाती आलंय (नाव आत्ता सांगता येणार नाही). दोन आठवडे लिहितोय आणि फाडतोय. चित्रपटाचं सगळं बळ शेवटच्या उलगड्यात आहे आणि तो उलगडा आता कुणालाही माहीत असतो. हिचकॉकच्या 'सायको' या भयपटावरून 'बेट्स मोटेल' ही मालिका करणाऱ्यांनाही हेच कोडं पडलं असणार. त्याचे दोन भाग पाहिले, पण गोष्ट आजच्या काळात आणलेली, मोटेल चालवणाऱ्या नॉर्मनच्या हातात मोबाइल, त्यामुळे मन लागेना. पुढे बघू का? त्यातून काही शिकण्यासारखं आहे का?

कातरवेळ:
बघा, नक्की बघा. मी संकलन करते. पाच सीझनचे पन्नासही भाग पाहिलेत, काही दोनदा. पुढे रहस्यभेद आहे, ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी इथेच थांबावं.

आधी मूळ चित्रपट काय करतो ते बघू. नॉर्मनची आई केव्हाच मेलेली असते आणि तिच्या वेषात खून तोच करत असतो, हा त्याचा उलगडा. म्हणून १९६०चा 'सायको' म्हणजे आईला लपवून ठेवण्याची १०९ मिनिटांची कसरत आहे. तो गुप्तहेर आर्बोगास्ट जिना चढतो, तेव्हा कॅमेरा एकदम छताला जाऊन चिकटतो. वरून बाईचं डोकं दिसतं, सुरी दिसते, तोंड दिसत नाही. ही जागा मी फ्रेम फ्रेम पुढे नेत किती वेळा पाहिली असेल. जवळून घेतलं तर चेहरा दाखवावा लागणार, आणि नुसतीच पाठमोरी दाखवली तर प्रेक्षकाला लगेच वास येणार की काहीतरी दडवताहेत. पुढे नॉर्मन तिला उचलून तळघरात नेतो, तिथेही कॅमेरा हळूच वर सरकतो आणि आपण मायलेकाचं भांडण ऐकत बसतो. त्या आवाजासाठीही हिचकॉकने तिघांचे आवाज वापरले, त्यात एक पुरुष होता. कान एका माणसावर ठरतच नाही.

मालिकेने हे सगळं पहिल्याच भागात सोडून दिलं. नॉर्मनची आई नॉर्मा जिवंत समोर उभी आहे. नवरा वारलाय, मोटेल विकत घेतलंय, पोराला सांगतेय की आता सगळं नव्याने सुरू करू. आणि पोराने शाळेच्या धावण्याच्या टीममध्ये जायचं म्हटलं की रुसून बसते. व्हेरा फार्मिगाने ही बाई अशी उभी केलीय की तिचा राग येतो, कीव येते आणि तिच्याशिवाय करमतही नाही. ही मरणार आणि पोराच्या हातून मरणार, हे आपल्याला माहीत असतं. त्यामुळे ती खळखळून हसली तरी पोटात गोळा येतो. तुमचा 'माहीत असलेला शेवट' इथे कामाला लागतो.

तो प्रसंग चौथ्या सीझनच्या शेवटाकडे येतो. चित्रपटात नॉर्मनने आईला स्ट्रिक्निन हे विष पाजलेलं असतं, ते आपण नुसतं ऐकतो. इथे तो तळघरातला जुना फर्नेस, म्हणजे घर गरम करायची भट्टी, चालू करतो, तिचा विषारी वायू आईच्या खोलीत यावा म्हणून घरातल्या झडपा बंद करतो आणि झोपलेल्या आईशेजारी जाऊन पडतो. किंकाळी नाही, सुरी नाही. मी त्या रात्री पुढचा भाग लावला नाही. उठून मुलाच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभी राहिले.

आणि पाचव्या सीझनमध्ये तीच फार्मिगा परत येते, नॉर्मनच्या डोक्यातली आई होऊन. चार सीझन जिवंत म्हणून ओळखलेला चेहरा! तिच्याकडे नॉर्मनशिवाय कुणाची नजर वळत नाही, एवढ्यानेच अंगावर काटा येतो.

जुना_पडदा:
कातरवेळ यांचं नॉर्माबद्दलचं म्हणणं मान्य, पण पन्नास भाग मान्य नाहीत. दुसऱ्या सीझनमधलं गावातलं गांजाचं राजकारण कशासाठी? कणकेत पाणी जास्त झालं की पोळी लाटता येत नाही, तसं झालंय. 'सायको' मी पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म संग्रहालयात पाहिला. न्हाणीघरात शॉवरखाली मॅरियनचा खून होतो, तो प्रसंग पाऊण मिनिटाचा आहे आणि त्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले होते. हिचकॉकने हा चित्रपट आपल्या टीव्ही मालिकेतली माणसं घेऊन, कमी खर्चात केला होता, हेही विसरू नका. टीव्हीची माणसं किती आटोपशीर काम करू शकतात, ते तिथे दिसतं. आठ भाग मिळालेत ना? तेवढेच ठेवा, निर्मात्याने वाढवायला सांगितलं तर भांडा.

वनलाइनवाला:
दोघांचे आभार. आठच ठेवणार. एक विचारायचं राहिलं. तो शॉवरचा प्रसंग मालिकेत कसा आणला? तो तर लहान मुलांनाही पाठ आहे.

कातरवेळ:
गांजाबद्दल जुना_पडदा यांच्याशी सहमत, तिथे मीही कंटाळले होते.

शॉवरची जागा मला सगळ्यात आवडते. मॅरियन येते, गायिका रिहानाने ती भूमिका केलीय. पाणी सुरू होतं, पडदा ओढलेला, आपण श्वास धरून बसतो, आणि पडद्यामागून कुणी येतच नाही. ती जिवंत निघून जाते. त्याच न्हाणीघरात मरतो तिचा प्रियकर सॅम, आणि मारताना नॉर्मन आईच्या वेषात नसतो, स्वतःच असतो. चित्रपट पाठ असलेल्या माणसालाच हा धक्का बसू शकतो. आपली पाठांतराची खोड त्यांनी नीट ओळखली होती.

तुमच्या चित्रपटात 'आई'सारखं कुणी आहे का, जिच्याबद्दल सगळे बोलतात पण ती दिसत नाही?

वनलाइनवाला:
आहे. नायकाची पहिली बायको. आख्ख्या चित्रपटात तिचा भिंतीवरचा एक फोटो दिसतो, बस्स. मी तिला आतापर्यंत फोटोतच ठेवली होती. आज पहिला भाग तिच्यापासून लिहायला घेतो.

कातरवेळ:
घ्या. आणि फोटो काढला त्या दिवशी तिला काय हवं होतं, तेवढं आधी लिहून इथे टाका. मी वाचते.