आठ पौंडांत अल्बर्ट हॉल, आणि घरासमोरच्या पार्कात पत्र्याची भिंत

उभा_श्रोता

२०२५ चे प्रॉम्स सुरू झाले आणि मी पहिलं उभं तिकीट काढलं. आठ पौंड, बुकिंगचे पैसे धरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रॉम्स म्हणजे उन्हाळी संगीत महोत्सव, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळजवळ रोज मैफल असते, मुख्यतः पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची. मधल्या मोकळ्या गोल जागेत (तिला अरीना म्हणतात) खुर्च्या ठेवतच नाहीत, तिथं उभं राहून ऐकायचं. उभं राहायची तिकिटं त्याच दिवशी सकाळी साडेदहाला ऑनलाइन निघतात. कंडक्टरच्या कपाळावरचा घाम दिसतो इतक्या जवळ आपण, आणि मागे खुर्चीत बसलेल्यांनी आपल्या कितीतरी पट पैसे मोजलेले.

परवा पियानोचं झाकण उघडताना अरीनातले लोक एका सुरात "हीऽव्ह!" ओरडले आणि वरच्या गॅलरीतून उत्तर आलं, "हो!" गडावर तोफ चढवताना ओरडत असतील तसं. जुनी प्रथा आहे. शेजारी एक आजोबा मध्यंतरात बूट काढून तिथंच जमिनीवर मांडी घालून बसले आणि डब्यातलं सँडविच खाऊ लागले.

घरी आलो. घर दक्षिण लंडनमधल्या ब्रॉकवेल पार्कच्या कडेला आहे. मे-जूनमध्ये याच पार्कात पुरुषभर उंचीच्याही वर पत्र्याची भिंत उभी होती, पाठोपाठच्या म्युझिक फेस्टिव्हल्ससाठी. तिकीट त्या आठ पौंडांच्या सात-आठ पट. आमच्या सोसायटीतल्या आजी रोज टेकडीपर्यंत चालायला जातात, त्या महिनाभर भिंतीला वळसा घालत होत्या. नंतर हिरवळीवर पिवळे पट्टे उरले.

माझं म्हणणं सरळ आहे. लंडनच्या उन्हाळ्यातली चांगली परंपरा म्हणजे कमी पैशांत, उभं राहून, सगळ्यांच्या बरोबर. सार्वजनिक बागेला कुंपण घालून तिथं तिकीट लावणं ही त्या परंपरेची उलटी बाजू. ते थांबलं पाहिजे. मतं सांगा.

ईलिंगकर

असहमत. आणि जरा सविस्तर असहमत.

आठ पौंडांचं कौतुक ठीक आहे, पण ते तिकीट आठ पौंडांचं नाही हो. प्रॉम्स चालवतं बीबीसी, १९२७ पासून. बीबीसी चालतं लायसन्स फीवर, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांनी दर वर्षी भरायच्या पैशांवर, ती २०२५ मध्ये १७४.५० पौंड झाली. म्हणजे टीव्हीवर फक्त क्रिकेटचे हायलाइट्स बघणारा माझ्यासारखा माणूस तुमच्या सिंफनीची खुर्ची, माफ करा, फरशी भरतो. पार्कातल्या कॉन्सर्टला माझ्या खिशातून एक पेनी जात नाही. उलट कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, भाडं मिळतं. कौन्सिलांचे पैसे गेल्या पंधरा वर्षांत कसे आटले ते इथं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बागेतला माळी, संडास, झोपाळे, हे कुठून येणार?

तुमच्याच पार्कात लँबेथ कंट्री शो ही कौन्सिलची जत्रा होते, फुकट, १९७४ पासून. कौन्सिलचं म्हणणं असं की तिकिटांच्या फेस्टिव्हल्सच्या पैशावरच तो टिकलाय. तो हवा, भिंत नको, असं कसं चालेल? दूध हवं पण म्हैस नको.

कर्वेरोडकर

उभा_श्रोता, तुमचं वाचून सवाईची भारतीय बैठक आठवली. तिथंही सोफ्यावरचे वेगळे आणि सतरंजीवरचे वेगळे, आणि दाद खरी सतरंजीवरून येते. फरक इतकाच की आमच्याकडे डब्याचा वास जास्त येतो.

अवांतर: मी २०२३ च्या जुलैमध्ये लेकीकडे आले होते तेव्हा प्रॉम्समध्ये लतादीदींच्या गाण्यांची मैफल झाली. बर्मिंगहॅमचा ऑर्केस्ट्रा आणि गायला पलक मुच्छल. लतादीदी स्वतः १९७४ मध्ये याच हॉलमध्ये गायल्या होत्या. आम्ही बसून ऐकलं, माझे गुडघे उभं राहण्याचे नाहीत. खाली अरीनात लेस्टरहून आलेल्या बायका पैठण्या, बांधण्या नेसून तीन तास उभ्या. मधूनच कोणी गुणगुणायला लागली की शेजारचा गोरा माणूस आधी दचकायचा, मग हसायचा.

रंगपेटी

संगीताबद्दल मला अधिकार नाही, चित्रांबद्दल बोलते.

स्वस्त म्हणजे सगळ्यांचं, हे समीकरण मला पटत नाही. सर्पंटाइन पॅव्हिलियन घ्या. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये २००० सालापासून जवळजवळ दर उन्हाळ्यात नवा वास्तुरचनाकार एक मंडप उभारतो, पहिला झाहा हदीदचा होता. २०२५ मध्ये ढाक्याच्या मरीना तबस्सुम. मधल्या चौकात चक्क एक जिंकोचं झाड लावलं होतं. प्रवेश फुकट. गेल्या शनिवारी मी तासभर बसले होते. बहुतेक सगळे वास्तुरचनेचे विद्यार्थी आणि कॅमेरावाले. पन्नास पावलांवर कुत्री फिरवणारी मंडळी आत डोकावतसुद्धा नव्हती.

आणि रॉयल अकॅडमीचं समर एक्झिबिशन, जिथं तिकीट वीस पौंडांच्या पुढे, तिथं काय पाहिलं? एक काकू हातातली यादी घेऊन प्रत्येक चित्राची किंमत मोठ्याने वाचत होत्या. नवरा म्हणत होता, "हे? एवढ्याला?" हे प्रदर्शन १७६९ पासून एकही वर्ष न चुकता भरतंय, आणि कोणीही चित्र पाठवू शकतं. निवड झाली तर शाळामास्तरचं निसर्गचित्र नावाजलेल्या चित्रकाराच्या शेजारी लागतं. भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत चित्रं, जत्रेतल्या दुकानासारखी. प्रिंट विकली की खाली लाल ठिपका. एका मांजराच्या प्रिंटखाली इतके ठिपके होते की गोवर आल्यासारखं दिसत होतं.

समीक्षक दरवर्षी नाकं मुरडतात. मुरडू देत. लोक तिथं घाबरत नाहीत, भांडतात, हसतात, विकत घेतात. १८३२ मध्ये याच प्रदर्शनात चित्रकार टर्नरने शेजारी लागलेलं कॉन्स्टेबल या दुसऱ्या चित्रकाराचं झगमगीत लाल-सोनेरी चित्र पाहिलं आणि स्वतःच्या करड्या समुद्रावर लाल रंगाचा एकच ठिपका मारून निघून गेला. नंतर त्या ठिपक्याचा बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) केला. कॉन्स्टेबल म्हणाला, हा इथं येऊन बंदूक झाडून गेलाय. तेव्हापासूनची भांडकुदळ जागा आहे ती.

तात्पर्य, माझा आक्षेप भिंतीला नाही आणि तिकिटालाही नाही. माणसाला आत गेल्यावर परकं वाटतं का, ते बघा.

उभा_श्रोता

@ईलिंगकर, म्हशीची उपमा आवडली, पण ही म्हैस परवान्याशिवाय बांधली होती. आमच्याच भागातल्या एका रहिवासी बाईने कोर्टात दावा लावला. नियम असा की वर्षाला २८ दिवसांपर्यंत जागेचा तात्पुरता वेगळा वापर बांधकाम-परवानगीशिवाय करता येतो. इथं भिंती उभारणं, उतरवणं धरून ३७ दिवस होत होते. २०२५ च्या मे महिन्यात हायकोर्टाने कौन्सिलचा निर्णय बेकायदा ठरवला. आणि तरीही नव्या कागदावर फेस्टिव्हल्स झालेच. बागेचे पैसे बागेला हवेत हे मान्य. पण मग आधी रीतसर परवानगी मागा, लोकांना विचारा. आधी भिंत, मग कागद, हा उलटा क्रम मला खटकतो.

लायसन्स फीचा मुद्दा मात्र बोचला. खरं आहे. पण प्रॉम्सची प्रत्येक मैफल बीबीसीच्या रेडिओ ३ वर फुकट लागते, तीही तुमच्याच पैशातून. ऐका की कधीतरी!

ईलिंगकर

रेडिओ ३ गाडीत लावला की बायको बदलते.

मधली_पिढी

सगळ्यांना नमस्कार. मी एकतीस वर्षांची, जन्म लंडनचा. मराठी आजीमुळे वाचता येतं, लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

एक प्रश्न कोणीच विचारला नाही. सिंफनीला सरकारी आधार आणि आठ पौंडांची जागा. रेगे, ग्राइम, हाउस या नाचायच्या संगीताला काय? पत्र्याची भिंत आणि वर आवाजाची तक्रार. ब्रॉकवेल पार्क ब्रिक्स्टनच्या उंबऱ्यावर आहे. विंडरश जहाजातून आलेले कॅरिबियन लोक १९४८ पासून त्या भागात राहिले. तिथं सिटी स्प्लॅशसारखा रेगेचा दिवस होतो तेव्हा तो 'बाहेरून आलेला धंदा' कसा? तो त्याच गल्लीतला आवाज आहे. माझ्या वयाच्या लोकांना नाचायला जागा उरल्या नाहीत, शहरातले क्लब एकामागून एक बंद होतायत. उघड्यावर नाचायचं तर सुरक्षा, संडास, वैद्यकीय तंबू हे कायद्यानेच लागतं. त्याचा खर्च कोण देणार? तिकीट. त्यासाठी भिंत. भिंत आम्हालाही आवडत नाही, उभा_श्रोता काका.

आणि प्रॉम्स 'सगळ्यांचं' म्हणताना हेही सांगा की अल्बर्ट हॉलच्या साधारण सव्वापाच हजार जागांपैकी बाराशेच्या वर खुर्च्या खासगी मालकीच्या आहेत, ९९९ वर्षांच्या कराराने. हॉल बांधायला पैसे हवे होते म्हणून तेव्हा विकल्या. मग बागेचा कोपरा काही वीकेंडला भाड्याने देणं एवढं पाप का?

उभा_श्रोता

'काका' लागलं. बाकी मुद्दा बिनतोड आहे, विचार करतोय.

एकच जोडतो. ९९९ वर्षं कुणाची असोत, अरीनाच्या फरशीला मालक नाही. १८९५ मध्ये रॉबर्ट न्यूमनने हे सुरू केलं तेव्हा फेरफटका मारत ऐकायचं तिकीट एक शिलिंग होतं, आणि खायला, प्यायला, विडी ओढायलाही मुभा होती. पैसे घातले ते एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरने. त्याची अट काय, तर वाद्यांची पट्टी उतरवा, गवयांचे घसे बसतायत! म्हणजे सरकारी मदत नंतर आली. आधी एक हिशेबी माणूस, एक हौशी डॉक्टर आणि हेन्री वूड नावाचा तरुण कंडक्टर. स्वस्त ठेवायचं हे ठरवून केलेलं होतं.

गेटजवळची

मी नॉटिंग हिलमध्ये, कॅरिबियन कार्निव्हलच्या रस्त्यावर अठरा वर्षं राहते. ऑगस्टच्या बँक हॉलिडेचा रविवार-सोमवार. फुकट, भिंत नाही, तिकीट नाही, आणि दोन दिवसांत दहा लाखांच्या वर माणूस. उभा_श्रोतांचा आदर्श हाच ना? मग येऊन बघा.

शुक्रवारी संध्याकाळपासून सुतार फिरतात. दुकानांना, पायऱ्यांना, बागेच्या कठड्यांना प्लायवूड ठोकतात. माझ्या घराच्या दाराला मी दर वर्षी तीच फळी लावते, मागे तारखा लिहून ठेवल्यात. शेजारी घराला कुलूप लावून कॉर्नवॉलला पळतात. भिंत इथंही असते, फक्त ती आम्ही आपापल्या दाराला लावतो. सोमवारी रात्री रस्त्यावर कणसांच्या दांड्या, जर्क चिकनची हाडं आणि पिसं. मुताऱ्यांबद्दल बोलत नाही.

तरी मी पळत नाही. हा उत्सव कशातून आला ते आधी माहीत नव्हतं, इथल्या एका म्हाताऱ्या त्रिनिदादी शेजारणीने सांगितलं. १९५८ मध्ये याच गल्ल्यांत गोऱ्या पोरांच्या टोळ्यांनी कॅरिबियन लोकांवर हल्ले केले. पुढच्या जानेवारीत क्लॉडिया जोन्स या पत्रकार बाईने सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला, भर थंडीत, छपराखाली. रस्त्यावर आला तो १९६६ मध्ये, रॉन लॅस्लेट या समाजसेविकेच्या पोरांच्या जत्रेतून. त्यात स्टीलबँड रस्त्यावरून निघाला आणि लोक मागे चालू लागले. शेजारीण म्हणायची, "आम्ही परवानगी मागितली असती तर अजून वाट बघत असतो."

रविवारी सकाळी लवकर, गर्दी यायच्या आधी, मुलं अंगाला चॉकलेट आणि रंग फासून नाचत जातात तेव्हा मी दारातल्या फळीआडून चहा घेऊन बघते. त्या दोन तासांसाठी बाकीचं सोसते. हल्ली काही पुढारी अधूनमधून म्हणतात, हाइड पार्कात न्या, कुंपण घाला, तिकीट लावा. म्हणजे उभा_श्रोता, तुमच्या पार्कातली भिंत उद्या आमच्याकडे येईल. ती नको. पण फुकट म्हणजे कोणाचंच नुकसान नाही, असं लिहू नका.

रंगपेटी

@गेटजवळची, फळीच्या मागच्या तारखांचा फोटो टाका. हे मी प्रदर्शनात पाहायला पैसे देईन.

ईलिंगकर

हाइड पार्कचा विषय निघाला म्हणून. १९६९ मध्ये तिथं रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम फुकट झाला होता, लाखोंनी लोक आले. २०१२ मध्ये त्याच बागेत ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गायले, तिकीट काढलेल्यांसमोर, आणि वेळ संपली म्हणून ध्वनीच बंद केला. दोघं गाणं संपवून लोकांचे आभार मानतायत आणि आवाज नाही! आजूबाजूच्या श्रीमंत वस्तीची झोप, दुसरं काय. माझा भाऊ तिथं होता. अजून सांगतो, तेव्हा चिखलात उभं राहून त्याने शिव्या दिल्या त्या मराठीत.

माझं मत बदललेलं नाही. पण २८ दिवसांचा नियम मोडून कौन्सिल वागलं हे वाईट. पुढच्या वर्षी रीतसर अर्ज करावा, दोन दिवस कमी करावेत, आणि आजींच्या टेकडीची वाट मोकळी ठेवावी. एवढ्यावर उभा_श्रोता तडजोड करणार का?

उभा_श्रोता

दोन नाही, तीन कमी करा. आणि कंट्री शोला मी असतोच. त्यातल्या भाज्यांच्या स्पर्धेत लोक काकडी-वांग्याचे पुढारी आणि नटनट्या बनवतात, नावावर कोट्या करून. मराठी माणसाने त्यात उतरायला हवं. तोंडल्याला तिथं प्रतिस्पर्धी नाही.

मधली_पिढी, तुमच्या सिटी स्प्लॅशला पुढच्या मेमध्ये येईन. ताई म्हणेन, काका म्हणू नका.

मधली_पिढी

डील. पण मग तुम्ही मला अरीनात न्यायचं. साडेदहाला तिकीट निघतं ना? मी दहा वाजून एकोणतीस मिनिटांनी लॉगिन करून बसते. काय घालून येऊ?

उभा_श्रोता

मऊ चपला. आणि कोणी "हीऽव्ह" म्हटलं तर गप्प राहायचं, "हो" वरच्यांचं असतं. मी पहिल्या वर्षी चुकलो होतो, अख्ख्या अरीनाने वळून बघितलं.